रायफलीचे दर्शक : निर्मितिदोष व त्यांचे निवारण

नेम धरणाऱ्याची दृष्टी आणि नळीचा रोख यांची सांगड घालण्यासाठी रायफलीवर बसविलेली धातूची भिंगविरहित साधने म्हणजे दर्शक होत. लष्करात व नेमबाजीच्या खेळात त्यांना ‘साइट’ हाच शब्द रूढ आहे. नळीच्या तोंडाजवळील उभ्या पट्टीला, खुंटीला अथवा मण्याला मराठीत माशी म्हणतात. नेमबाजाच्या डोळ्याच्या बाजूस खाच किंवा बारीक छिद्र असलेला मागील दर्शक असतो. खाच, माशी आणि लक्ष्य ही तिन्ही एका रेषेत आणण्याच्या क्रियेस नेम धरणे किंवा शिस्त धरणे असे म्हणतात. ‘शिस्त’ या मूळ फार्सी शब्दाचा जुना अर्थ नेम असाच आहे. दर्शक हे रायफलीच्या सर्वांत लहान भागांपैकी होत. तथापि त्यांच्या घडणीत राहिलेला केसभर दोष लक्ष्यापाशी हातभर होतो आणि त्याचे खापर पुष्कळदा शस्त्राऐवजी ते चालविणाऱ्या माणसावर फुटते. चूक शस्त्राची की माणसाची, हे ठरविण्याची पद्धत कशी सिद्ध झाली, हाच दर्शकांच्या इतिहासातील महत्त्वाचा भाग आहे.

मूलतत्त्व : माशी व खाच यांमधील अंतर आणि नेमबाज व लक्ष्य यांमधील अंतर यांच्या गुणोत्तराने दर्शकातील दोष वाढत जातो. उदा., दोन दर्शकांमध्ये ५० सेंमी. अंतर असून माशी मध्यरेषेपासून अर्धा मिमी. सरकलेली असेल, तर १०० मी. वर गोळी १० सेंमी. आणि ३०० मी. वर ३० सेंमी. बाजूला पडते. माशी डावीकडे सरकलेली असल्यास गोळी उजवीकडे जाते. माशी वाजवीपेक्षा उंच असल्यास गोळी खाली आणि ठेंगणी असल्यास वर जाते. मागील दर्शकाचे याच्या उलट असते. तो ज्या बाजूला सरकवावा, त्याच बाजूला गोळी सरकते. दोषाच्या निदानाची सर्व रीत या साध्या नियमांवर उभी आहे.

तोडेदार बंदूक व गडहिंग्लज परिसर : भारतातील तोडेदार बंदुकांवर माशी व खाच असलेला मागील दर्शक ही दोन्ही सामान्यतः आढळतात. या बंदुकांच्या नळ्या लोखंडी पट्ट्या गुंडाळून व तापवून एकजीव करीत आणि एकच कारागीर किंवा एकच कारखाना बंदूक आरंभापासून शेवटपर्यंत घडवी. त्यामुळे कोणतीही दोन शस्त्रे सारखी नसत. दोष दिसल्यास कारागीर कानस मारून माशी उतरवी किंवा खाच रुंद करी. दोष त्या एका बंदुकीचा असे आणि ती बाळगणाऱ्याला तिची खोड माहीत असे. याउलट ईस्ट इंडिया कंपनीच्या पायदळाच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकांना मागील दर्शकच नव्हता. संगीन अडकविण्याच्या खुंटीवरून अदमासे रोख धरीत. ओळीत उभे राहून एकदम बार काढण्याच्या तत्कालीन युद्धपद्धतीत वैयक्तिक नेमाला फारसे महत्त्व नव्हते.

या दोन पद्धतींची गाठ ज्या प्रदेशात पडली, त्यात कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण भागातील गडहिंग्लजचा समावेश होतो. हिरण्यकेशी नदीकाठचे हे गाव कोल्हापूर व बेळगाव यांच्या साधारण मध्यावर आहे. याच तालुक्यातील सामानगडाच्या गडकऱ्यांनी १८४४ मध्ये कंपनीच्या देखरेखीखालील नव्या कारभाराविरुद्ध उठाव केला. भुदरगडचे गडकरीही त्यांत सामील झाले. कंपनीच्या फौजेने तोफा लावून ऑक्टोबर १८४४ मध्ये सामानगड सर केला. पुढे ३१ जुलै १८५७ रोजी कोल्हापुरातील २७ व्या मुंबई देशी पायदळ पलटणीने बंड केले. या घटनांनंतर दक्षिण मराठा मुलखात शस्त्रे काढून घेण्याची मोहीम राबविण्यात आली. परिणामी बंदुका घडविण्याच्या व दुरुस्त करण्याच्या स्थानिक धंद्याला ओहोटी लागणे अपरिहार्य होते. या भागातील तरुणाच्या हाती शस्त्र येण्याचा मुख्य मार्ग यापुढे पलटणीतूनच जाणार होता आणि ते शस्त्र दूरच्या कारखान्यात घडणार होते. त्याची खोड कानशीने काढण्याची मुभा शिपायाला नव्हती.

हेतुपुरस्सर ठेवलेली उणीव : इंग्लंडमध्ये १८५३ साली एन्फील्ड रायफल स्वीकारण्यात आली. तिच्या नळीत आटे असून मागील दर्शकाला उभी करता येणारी शिडी होती. तीवरील खुणांनुसार सरकपट्टी वरखाली करून शेकडो यार्डांवरील लक्ष्याचा नेम धरता येई. त्याच वर्षी हाइथ येथे नेमबाजीचे लष्करी विद्यालय निघाले आणि अंतराचा अंदाज व दर्शकाचा उपयोग हे शिपायाच्या शिक्षणाचे विषय झाले. १८५७ च्या उठावानंतर मात्र भारतीय पलटणींसाठी वेगळे शस्त्र तयार करण्यात आले. बाह्यतः ते एन्फील्डसारखेच होते. पण नळीतील आटे काढून ती गुळगुळीत केलेली होती आणि शिडीच्या जागी साधा स्थिर ठोकळा बसविला होता. प्रारंभी तयार रायफलींच्याच नळ्या पोखरून हे काम केल्याने त्या पातळ झाल्या. त्या फुगू वा फुटू लागल्याने १८५९ च्या नमुन्यात जाड नळी घालावी लागली. ही उणीव कारागिराच्या हातून राहिलेली नव्हती, तर धोरण म्हणून ठेवलेली होती. दूरवर अचूक मारा करण्याची क्षमता भारतीय शिपायाच्या हाती राहू नये, हा तिचा उद्देश होता. पुढेही दीर्घकाळ गोऱ्या पलटणींना नवे शस्त्र मिळाल्यानंतर त्यांचे जुने शस्त्र भारतीय पलटणींना देण्याची प्रथा राहिली.

यांत्रिक उत्पादन आणि नवा प्रश्न : १८५० नंतरच्या दशकात एन्फील्डच्या सरकारी कारखान्यात अमेरिकन यंत्रे आली आणि एका शस्त्राचा भाग दुसऱ्यास बसेल अशा अचूकतेने उत्पादन सुरू झाले. प्रत्येक भाग मापकात घालून तपासला जाऊ लागला. मात्र मापात बसलेले सर्व भाग एकत्र आल्यावर रायफल सरळ मारा करीलच, अशी खात्री देता येत नाही. नळीतील अतिसूक्ष्म वाक, बार निघताना नळीला येणारा कंप, लाकडी दस्त्याचा नळीवर पडणारा दाब आणि दर्शकांच्या बैठकीतील किंचित फरक हे सर्व एकत्र येऊन गोळीचा अंतिम मार्ग ठरवितात. म्हणून प्रत्येक रायफल प्रत्यक्ष झाडूनच तिचे दर्शक जुळवावे लागतात. शिवाय एकाच कारागिराच्या हातचा दोष एका बंदुकीपुरता राहत असे. यंत्राच्या किंवा तपासणीच्या पद्धतीतील दोष मात्र हजारो शस्त्रांत तसाच उतरू लागला.

बोअर युद्धातील प्रकरण : याचे ठळक उदाहरण दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धाच्या (१८९९–१९०२) प्रारंभी दिसून आले. ब्रिटिश सैन्याला प्रारंभी जबर पराभव पतकरावे लागल्याने डिसेंबर १८९९ मध्ये ‘इंपीरियल योमनरी’ हे स्वयंसेवकांचे घोडदळ उभारण्यात आले. त्याला दिलेल्या ली-एन्फील्ड रायफली ५०० यार्डांवर (सु. ४५७ मी.) सु. १८ इंच (सु. ४६ सेंमी.) उजवीकडे मारा करतात, असे आढळून आले. हे प्रमाण जवळजवळ हजारास एक असे पडते. दोन दर्शकांमधील अंतर अर्ध्या मीटरच्या आसपास धरले, तर मूळ दोष सु. अर्ध्या मिमी.चा होता. उभ्या माणसाच्या छातीवर धरलेला नेम त्यामुळे त्याच्या बाजूने निघून जातो. समोरचा शत्रू लहानपणापासून बंदूक हाताळणारा आणि हाती अचूक माउझर रायफल असलेला होता. योमनरीतील बहुतेक शिपाई नवशिके असल्याने हुकलेल्या गोळ्यांचा दोष त्यांच्याच माथी मारणे सोपे होते. सर्वांच्या गोळ्या एकाच बाजूला, सारख्याच अंतराने पडतात, ही गोष्ट ध्यानी आल्यामुळेच दोष शस्त्राचा असल्याचे उघड झाले. नवशिक्या माणसांच्या चुका चहूबाजूंना विखुरतात. त्या सर्वांच्या सर्व एकाच दिशेला जात नाहीत.

दोषांचे प्रकार : दर्शकांतील निर्मितिदोषांचे स्थूलमानाने पुढीलप्रमाणे वर्गीकरण करता येते. (१) माशी मध्यरेषेवर नसणे. हा सर्वांत नेहमीचा दोष असून त्यामुळे सर्व गोळ्या एका बाजूला पडतात. (२) माशीची उंची चुकणे. यामुळे गोळ्या सातत्याने वर किंवा खाली पडतात. (३) दर्शकाची बैठक तिरपी असणे. मागील शिडी एका बाजूला कललेली असल्यास जवळच्या अंतरावर चूक दिसत नाही. पण दूरच्या लक्ष्यासाठी सरकपट्टी वर नेताच ती बाजूलाही सरकते व अंतराबरोबर चूक वाढते. त्यामुळे हा दोष केवळ जवळच्या चाचणीत सापडत नाही. (४) खाच मध्यावर नसणे, तिच्या कडा असमान असणे किंवा त्यांवर यंत्रकामातील धातूची बारीक कोर उरणे. अशा वेळी नेम धरणाऱ्याला माशी खाचेत नेमकी कोठे आहे, हे ठरविता येत नाही. (५) सैलपणा. माशी आपल्या खोबणीत, सरकपट्टी शिडीवर किंवा शिडी बिजागरीत हलत असेल, तर प्रत्येक बाराबरोबर तिची जागा बदलते. (६) खुणांची चूक. शिडीवरील अंतराच्या खुणा विशिष्ट काडतुसासाठी आखलेल्या असतात. काडतूस बदलले की त्या खोट्या ठरतात. (७) पृष्ठभागाची चकाकी. माशीला नीट काळा मुलामा नसल्यास ज्या बाजूने ऊन पडते, ती बाजू उजळून माशी सरकल्याचा भास होतो.

दोष ओळखण्याची रीत : प्रथम रिकामी रायफल घट्ट बसवून मागून दर्शकांची रेषा पाहतात. खाचेच्या दोन्ही बाजू, माशीचा उभेपणा आणि तिच्या बैठकीवरील खूणरेषा यांवरून तिरपेपणा व बाजूचा ढळ दिसतो. माशी व शिडी बोटांनी हलवून सैलपणा पाहतात. त्यानंतर नळीच्या रोखाशी दर्शकांचा रोख ताडून पाहतात. अखेरची कसोटी मात्र प्रत्यक्ष माऱ्याची असते. एकाच बिंदूवर नेम धरून, नेम न बदलता, पाच किंवा अधिक गोळ्या झाडतात. कागदावर उमटलेल्या छिद्रांच्या समूहाला लष्करात ‘ग्रुप’ म्हणतात. या समूहाविषयीचे दोन प्रश्न वेगवेगळे ठेवावे लागतात. समूह किती पसरला आहे, यावरून नेमबाजाचे कौशल्य, नळीची प्रत व भागांचा सैलपणा कळतो. समूहाचा मध्य कोठे पडला आहे, यावरून दर्शकांची स्थिती कळते. घट्ट पण बाजूला पडलेला समूह हे चांगल्या नेमबाजाचे व चुकीच्या दर्शकाचे लक्षण होय. शंका राहिल्यास तीच रायफल दुसऱ्या कसलेल्या नेमबाजाकडे देतात. त्याचाही समूह त्याच जागी पडल्यास दोष शस्त्राचा ठरतो; जागा बदलल्यास पहिल्या नेमबाजाच्या पवित्र्यात वा नेम धरण्यात दोष शोधावा लागतो. एकाच गोळीवरून दर्शक हलविणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक असून तिने मूळ दोष झाकला जाऊन नवा निर्माण होतो.

दर्शकाचे वाटणारे काही दोष अन्यत्र असतात. नळी वाकलेली असणे, नळी व दस्ता यांचा स्पर्श असमान असणे किंवा मुख्य स्क्रू ढिले असणे यांमुळेही समूहाची जागा बदलते. पावसाळी, दमट हवेत लाकडी दस्ता फुगून नळीवर दाब देतो. उन्हाळ्यात जुळविलेली रायफल पावसाळ्यात वेगळा मारा करते, ती याच कारणाने. अशा वेळी माशी सरकविणे हा उपाय ठरत नाही, कारण हवा बदलताच दोष उलट दिशेने प्रकट होतो.

निवारण : बोअर युद्धानंतर १९०३ च्या सुमारास आलेल्या आखूड ली-एन्फील्ड रायफलीत दर्शकांच्या जुळवणीची सोय मूळ रचनेतच करण्यात आली. माशी आडव्या खोबणीत बसविलेली असल्याने विशिष्ट हत्याराने दाबून ती डावी-उजवीकडे सरकविता येई. ठोके मारून ती सरकविणे निषिद्ध मानले जाई. माश्या वेगवेगळ्या उंचीच्या केलेल्या होत्या आणि लगतच्या दोन उंचींत ०·०१५ इंचाचा (सु. ०·३८ मिमी.) फरक असे. समूह उंच वा खाली पडल्यास कानस न चालविता योग्य उंचीची माशी निवडून बसवीत. मागील दर्शकालाही आडवी हालचाल देणारा स्क्रू होता. कारखान्यात प्रत्येक रायफल १०० फुटांवर आधाराला बांधून झाडीत व त्यानुसार माशी बसवीत. त्यांपैकी काही निवडून ६०० यार्डांवर तपासल्या जात. जुळवणी पूर्ण झाल्यावर माशी हलू नये म्हणून ती खूण ठोकून पक्की करीत. पलटणीत हे काम ‘आर्मरर’ या प्रशिक्षित कारागिराकडे असे. प्रत्येक शिपायाने स्वतःच्या रायफलीवर दर्शकांची अशी जुळवणी करून घेण्यास लष्करी भाषेत ‘झिरोइंग’ म्हणतात. दोन माणसांचे डोळे व पकड सारखी नसल्याने कारखान्यातील जुळवणी ही अंतिम मानली जात नाही.

महायुद्धांचा काळ : १९१० मध्ये ब्रिटिश सैन्यात टोकदार गोळीचे अधिक वेगवान काडतूस आले. भारतीय सैन्याच्या रायफलींचे दर्शक मात्र जुन्या काडतुसासाठीच आखलेले होते. त्यामुळे १९१४ मध्ये फ्रान्सला गेलेल्या भारतीय डिव्हिजनांना मार्सेय बंदरात उतरल्यावर नव्या रायफली द्याव्या लागल्या. शिडीवरील खुणा आणि काडतूस यांचे नाते किती निकटचे असते, हे यावरून दिसते. मेसोपोटेमियातील कुत अल्-अमाराच्या वेढ्यात (१९१५-१६) १०३, ११० व ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. युद्धाची मागणी वाढल्यावर १९१६ मध्ये रायफलीच्या रचनेत काटछाट करण्यात आली. अतिदूर अंतरावरील सामुदायिक माऱ्याचे बाजूचे दर्शक आणि मागील दर्शकाची आडवी हालचाल वगळण्यात आली. त्यामुळे उत्पादन वेगाने होऊ लागले. परंतु बाजूचा दोष काढण्याचे साधन शिपायाच्या हातून गेले आणि ते केवळ आर्मररकडे राहिले. दुसऱ्या महायुद्धातही असेच घडले. चौथ्या क्रमांकाच्या ली-एन्फील्ड रायफलीला छिद्राचा आणि स्क्रूने सूक्ष्म जुळवणी करता येणारा उत्तम मागील दर्शक होता. युद्धकाळात त्याच्या जागी पुष्कळ रायफलींना ३०० व ६०० यार्डांसाठी दोन छिद्रे असलेली साधी पट्टी बसविण्यात आली.

भारतातील उत्पादन : बंगालमधील ईशापूर येथे १९०४ साली रायफल कारखाना स्थापन झाला. महाराष्ट्रात पुण्याजवळील खडकीचा दारूगोळा कारखाना त्याहून जुना असून तो १८६९ चा आहे. १९६० नंतरच्या दशकात ईशापूर येथे ७·६२ मिमी. काडतुसासाठी जुन्या रचनेवर आधारलेली ‘२ए’ रायफल तयार झाली. तिच्या मागील दर्शकावर २,००० पर्यंत खुणा होत्या. सुधारलेल्या ‘२ए१’ नमुन्यात त्या ८०० पर्यंतच ठेवण्यात आल्या. साध्या डोळ्यांनी ज्या अंतरावर माणूस नीट दिसतही नाही, तेथवरच्या खुणा निरुपयोगी आहेत, या व्यवहारी जाणिवेशी हा बदल सुसंगत होता. त्याच काळातील ‘१ए१’ या स्वयंभरण रायफलीत माशी स्क्रूप्रमाणे फिरवून वरखाली व मागील छिद्र दोन समोरासमोरच्या स्क्रूंनी डावी-उजवीकडे हलविता येते. वेगवेगळ्या उंचीच्या माश्यांचा संच बाळगण्याची गरज त्यामुळे राहिली नाही. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुधनिर्माणी मंडळ विसर्जित होऊन त्याखालील कारखाने सात सरकारी कंपन्यांत विभागले गेले. त्यांत ईशापूरचा रायफल कारखाना कानपूर येथील, तर खडकीचा कारखाना पुणे येथील कंपनीकडे गेला.

मराठा लाइट इन्फंट्रीचे प्रशिक्षण केंद्र १९२२ पासून बेळगाव येथे आहे. गडहिंग्लज, चंदगड, आजरा या लगतच्या तालुक्यांतील तरुणांना सैन्यभरतीचे ते सर्वांत जवळचे मोठे केंद्र होय. ज्या परिसरातील गडकऱ्यांची शस्त्रे एकेकाळी काढून घेण्यात आली आणि ज्या पलटणींना दर्शकाविना बंदुका देण्यात आल्या, तेथील तरुण पुढे स्वतःच्या रायफलीचा दर्शक स्वतःच्या डोळ्याशी जुळवून घेऊ लागला.

नेमबाजीचा खेळ : युद्धात भिंगांच्या व विद्युत् दर्शकांचा प्रसार झाला असला, तरी ऑलिंपिकमधील रायफल स्पर्धांत दुर्बीण लावण्यास मनाई आहे. तेथे मागे बारीक छिद्र आणि पुढे वर्तुळाकार कडे अशी दर्शकांची जोडी वापरतात. स्क्रूच्या प्रत्येक ‘टिचकी’गणिक गोळीची जागा ठरावीक सूक्ष्म मापाने हलते आणि सरावाच्या गोळ्यांवरून खेळाडू स्वतःच जुळवणी करतो. या क्षेत्रात कोल्हापूर जिल्ह्याने मोठे नाव मिळविले आहे. तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्यूनिक येथील जागतिक स्पर्धेत ५० मी. रायफल पडून मारण्याच्या प्रकारात सुवर्णपदक मिळविले. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मी. रायफल तीन पवित्रे या प्रकारात कांस्यपदक पटकाविले. दोष शस्त्राचा की आपला, हे समूहाच्या जागेवरून व पसाऱ्यावरून ओळखणे, ही या खेळाचीही पहिली पायरी मानली जाते.